साचा एक, गाड्या अनेक

टोलनाक्यावरची गाड्यांची रांग तुम्ही पाहिली असेलच. ट्रक, बस, जीप, सगळे एकामागे एक! समजा, हीच रांग आपल्याला संगणकात उभी करायची आहे. कशी कराल?

एक रीत अशी, की सूचनांची लांबलचक यादी लिहायची. ट्रक असेल तर इतके पैसे घे, बस असेल तर तितके घे... पण उद्या रांगेत ट्रॅक्टर आला, की यादीत जागोजागी खाडाखोड! एखादी जागा नजरेतून सुटली, की हिशोब चुकलाच.

नॉर्वे देशातील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोन शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. ऑस्लो शहरात त्यांनी 'सिम्युला' नावाची संगणकाची भाषा तयार केली. १९६७ च्या 'सिम्युला ६७' मध्ये त्यांनी 'साचा' आणला. मोदकाचा साचा असतो ना, अगदी तस्साच! साचा एक, मोदक हवे तितके.

'गाडी' हा आपला पहिला साचा. गाडीला नंबर असतो, ती रांगेत थांबते, पुढे सरकते, हे त्यात एकदाच लिहायचं. ट्रकचा साचा त्याच्यावरूनच करायचा आणि ट्रकचं जे वेगळं, तेवढीच भर घालायची. ट्रकला रांगेत उभं राहायला पुन्हा शिकवायला नको!

खरी गंमत पुढेच आहे, बरं का. नाका फक्त विचारतो, "तुझा टोल किती?" उत्तर ती ती गाडी स्वतःच देते. म्हणून ट्रॅक्टर आला तरी नाक्याच्या सूचना बदलत नाहीत. मोठा प्रोग्रॅम अनेकजण मिळून लिहितात. एकाने दुरुस्ती केली म्हणून दुसऱ्याचं काम बिघडू नये, यासाठी ही सारी खटपट! मात्र कुणाचं काम कोणतं, हे आधी नीट ठरवावं लागतं. नाहीतर इथेही गुंता होतोच.

पुढे अमेरिकेत ॲलन के आणि त्यांच्या सोबत्यांनी याच विचाराची 'स्मॉलटॉक' ही भाषा घडवली. १९७० च्या दशकात शाळकरी मुलांनीही तिच्यात प्रोग्रॅम लिहिले!

करून पाहा : तीन मित्र ट्रक व्हा, दोघे बस, एकजण नाका. ट्रकचा टोल एका कागदावर, बसचा दुसऱ्या. नाक्याने एकच प्रश्न विचारायचा. गाडीने आपला कागद पाहून उत्तर द्यायचं. आता ट्रकचा टोल वाढवा. सांगा पाहू, किती कागद बदलावे लागले?