कुलूप लागले आहे ना?

रात्री साडेनऊला दुकानाचे शटर खाली येते. कुलूप लावून, ओढून पाहून मालक घराकडे निघतात आणि चौकातून परत फिरतात. पुन्हा कुलूप ओढतात. कधी पाच वेळा, कधी पंधरा वेळा. घरी आल्यावर पत्नीस विचारतात, "लागले असेल ना?" अखेर मुलगा स्कूटर काढतो आणि पाहून येतो. व्यापारात दक्षता हा गुण मानला जातो. त्यामुळे यास आजार म्हणावे, हे अनेक घरांत वर्षानुवर्षे कोणाच्या मनातही येत नाही.

यासाठी मराठीत मंत्रचळ हा शब्द आहे. डॉक्टर ओसीडी म्हणतात. नकोसा विचार मनात पुनःपुन्हा शिरतो आणि त्याची भीती शमविण्यासाठी तीच कृती पुनःपुन्हा केली जाते. कोणी हात धुतो, कोणी गल्ला मोजतो. पाणी गाळण्याचा नियम एकदा गाळले की पूर्ण होतो. मंत्रचळ जडलेल्यास दहादा गाळूनही समाधान नसते. शंका निरर्थक आहे, हे बहुतेक रुग्णांना कळत असते. म्हणूनच "मनावर घेऊ नका" हा उपदेश व्यर्थ ठरतो.

2003 साली नेदरलँड्समधील व्हॅन डेन हाऊट व किंट या संशोधकांनी निरोगी व्यक्तींना संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी वारंवार तपासावयास लावली. शेवटी काय तपासले, हे त्यांना ठीक आठवत होते. त्या आठवणीवरील विश्वास मात्र घटला होता. पत्नीचे "हो" आणि मुलाची फेरी हेही तपासणेच. व्याज भागविण्यासाठी नवे कर्ज काढावे, तसा हा दिलासा.

उपचारात याच्या उलट करावे लागते. कुलूप एकदाच ओढायचे, मागे फिरायचे नाही. भीती चढते, आणि काही न करताही ओसरते. तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली हा सराव पायरीपायरीने होतो. औषधांचा पूर्ण परिणाम दिसण्यास बहुधा 8 ते 12 आठवडे लागतात. पंधरवड्यात "गुण नाही" म्हणून ती सोडणे घाईचे होय. मुलांच्या सोयरिकीच्या भीतीने आजार लपविणे तर त्याहून महाग पडते. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

घरच्यांनी मदत एकाएकी तोडू नये. रुग्णाशी ठरवून कमी करावी. पत्नीने "लागले" म्हणू नये, "भीती वाटते आहे ना? मी इथेच बसते," एवढेच म्हणावे. मुलाने स्कूटर काढू नये. पहिल्या रात्री कोणासच धड झोप लागणार नाही.