नंबर कुणाच्या नावाचा?

पूर्वी घराची मालकीण कोण, हे तिच्या कमरेच्या किल्ल्यांवरून कळायचं. सासूबाईंनी कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या की समजायचं, आता घर हिचं. आता पैसे कपाटात नसतात, बँकेत असतात आणि बँकेची किल्ली मोबाईलवर येते. सहा आकड्यांची. ओटीपी म्हणतात तिला. ती दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही, पण तेवढ्या वेळात ज्याच्या हातात फोन असेल तो मालक!

म्हणून मैत्रिणींनो, आज एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या बँक खात्याला, तुमच्या आधार कार्डाला जो मोबाईल नंबर जोडला आहे, तो कुणाचा?

बचत गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारते तेव्हा आधी सगळ्या एकमेकींकडे बघून हसतात. मग एकेक उत्तर येतं. "मालकांचा." "थोरल्याचा." "दिराचा, त्यांनीच खातं काढून दिलं होतं." एक मावशी तर म्हणाल्या, "जावयाचा हाय. ते पुण्याला असतात." म्हणजे खातं मावशींचं, अंगठा मावशींचा, कष्ट मावशींचे आणि किल्ली पुण्याला!

ही गोष्ट किती महाग पडते, ते लाडक्या बहिणींनी अनुभवलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै 2024 पासून लागू झाली. 21 ते 65 वयाच्या, वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बायकांना महिन्याला 1500 रुपये थेट खात्यात. योजनेबद्दल राजकारण्यांनी काय बोलायचं ते बोलोत. पण कित्येक बायकांच्या आयुष्यात स्वतःच्या नावाने, कुणाकडे हात न पसरता आलेले हे पहिलेच पैसे होते. मग सप्टेंबर 2025 मध्ये शासनाने ई-केवायसी सक्तीची केली. बाईच्या आधारचा ओटीपी आणि त्याबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. आता सांगा, जिचा नवरा वारला, वडीलही नाहीत, तिने कुणाचा ओटीपी द्यायचा? जिला नवऱ्याने टाकलंय, ती त्याच्या दारात जाऊन "तेवढा नंबर सांगा हो" म्हणणार? शेवटी मुदत वाढवून 31 डिसेंबर 2025 केली आणि अशा बायकांसाठी कागदपत्रं जमा करण्याची वेगळी सोय करावी लागली.

बरं, जिथे नवरा होता, फोन होता, तिथेही सगळं सुरळीत झालं असं नाही. घरात कुणी सरकारी नोकरीत 'नाही' ना, असा उलटा प्रश्न. त्याला 'होय' म्हणायचं की 'नाही', यातच भल्याभल्यांचा गोंधळ उडाला. बटण दाबलं भाच्याने नाहीतर दुकानातल्या पोराने, पैसे थांबले बाईचे. जानेवारी 2026 मध्ये शासनाला अशा बायकांची प्रत्यक्ष पडताळणी अंगणवाडी सेविकांकडून करून घ्यायचं ठरवावं लागलं. म्हणजे एवढं सगळं यंत्र उभं करून शेवटी काम आलं ते माणसाकडेच, आणि तेही बाईमाणसाकडे!

अंगणवाडी सेविकांचं नाव निघालंच म्हणून सांगते. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन कमी ताकदीचे, तापणारे, आणि पोषणाची नोंद ठेवायचं ॲप इंग्रजीत. लोक म्हणाले, बायकांना नवीन काही शिकायला नको असतं. अहो, शिकायला नको कसं? ज्या बाईने गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन वर्षानुवर्षं वहीत लिहिलं, तिला चार बटणं जड नाहीत. तिच्या भाषेत दिलं नाही, हे दुखणं होतं.

आपल्या कोल्हापुरात तंत्रज्ञान काही काल आलेलं नाही. वारणानगर परिसरातल्या 70 गावांत 1998 मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला होता. गावात संगणक, त्यावर शेतकऱ्याला उसाची माहिती. त्या काळात शहरातल्या घरांतही संगणक दुर्मीळ होता. पुढे काही वर्षांनी तिथे संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि तो लोकांना सोयीचा वाटला. यातून शिकण्यासारखं एवढंच की यंत्र किती मोठं यापेक्षा ते कुणाच्या हाताला पोचतं, याला महत्त्व. पण ऊस नावावर असतो पुरुषाच्या, तेव्हा तो एसएमएसही बहुधा पुरुषाच्याच फोनवर गेला असणार.

दुधाचंही तेच. आपल्या जिल्ह्यात म्हैस पाळत नाही असं गाव सापडायचं नाही. पहाटे उठून शेण काढणार बाई, वैरण घालणार बाई, धार काढणार बाई. डेअरीत मात्र पुस्तक मालकांच्या नावावर. आता फॅट लगेच काट्यावर कळते, दर दहा दिवसांचं बिल खात्यावर जमा होतं, मोबाईलवर संदेश येतो. छानच आहे. पूर्वी बिल रोख मिळायचं तेव्हा डेअरीत गेलेली बाई त्यातलेच शंभर-दोनशे पोरांच्या वह्यांना बाजूला काढायची. आता पैसे दिसतच नाहीत. दिसतात ते ज्याच्या खिशात फोन, त्याला.

कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत एक चक्कर मारा. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी तो काळा-पांढरा चौकोन उभा असतो आणि डबी मोठ्याने बोलते, इतके रुपये मिळाले. सुट्ट्याची कटकट संपली, हे खरं. मीही पिशवीत पैसे नसताना अशीच भाजी घेऊन येते. पण मंडईतल्या एका आक्कांना विचारलं, "आक्का, पैसे कुठं जातात?" तर म्हणाल्या, "लेकाच्या खात्यात, वैनी. मी कुठलं शिकतो आता? संध्याकाळी मागितले की देतोय तो." देतोय, हे त्यांचं नशीब. पण दिवसभर उन्हात बसून मिळवलेले पैसे संध्याकाळी मागून घ्यायचे?

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आठवा. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि डाळीच्या डब्यातले, साड्यांच्या घड्यांतले पैसे बाहेर काढावे लागले. घरोघरी चेष्टा झाली, 'काळा पैसा निघाला बघा बायकांचा'. चेष्टेत कुणाच्या लक्षात आलं नाही की तो डबा म्हणजे बाईची बँक होती. दवाखान्याला, माहेरच्या अडचणीला, मुलीच्या फीला तीच बँक उपयोगी पडायची. त्यानंतरच्या वर्षांत यूपीआय घराघरांत पोचलं आणि खर्चाचा प्रत्येक रुपया नोंदला जाऊ लागला. नोंद असणं वाईट नाही. पण ती नोंद नवरा बघतो आणि बायको बघू शकत नाही, हा व्यवहार मात्र वाईट.

हे फक्त माझं म्हणणं नाही. 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात स्वतः वापरतात असा मोबाईल असलेल्या बायका 54 टक्के होत्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका 33 टक्के आणि पुरुष 57 टक्के. गेल्या काही वर्षांत आकडे वाढले असतील. तरी आपल्या गल्लीत डोळे उघडे ठेवून बघा, नवा फोन आधी कुणाला मिळतो आणि काच फुटलेला जुना कुणाच्या वाट्याला येतो!

यावर घरातून एक उत्तर हमखास येतं, "तुला फोनमधलं काय कळतंय? कुणीतरी फसवेल." फसवणारे आहेतच. वीजबिल थकलंय म्हणून लिंक पाठवतात, पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' केली म्हणतात. अशी कुठलीही अटक कायद्यात नाही, हे पाठ करून ठेवा. पण यात फसलेल्यांत निवृत्त अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, मोठमोठे शिकलेले पुरुष आहेत. त्यांच्या हातातून कुणी फोन काढून घेतला नाही! रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण मुलीला शाळेत पाठवायचं थांबवत नाही, रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवतो. फोनचंही तसंच.

दुसरी बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. घरात चार माणसं आणि चार पडदे, कुणी कुणाशी बोलत नाही, ही तक्रार मी रोज ऐकते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने यावर उपाय काढला. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावाने महिलांची सभा घेतली आणि भोंगा बसवायचं ठरवलं. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे निर्णय बायकांच्या सभेत झाला. एरवी घरात मोबाईल कधी बंद करायचा, हे सांगायचा अधिकार आईला कुठे उरलाय?

आणि फोनने दिलेलंही विसरू नये. परदेशी दिलेली लेक बाळाचं पहिलं पाऊल दाखवते तेव्हा डोळे भरून येतात. 2019 च्या महापुरात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. तेव्हापासून पावसाळा आला की राजाराम बंधाऱ्याची पातळी बायका फोनवर बघतात. इशारा 39 फुटांवर, धोका 43 फुटांवर, हे आता नदीकाठच्या प्रत्येकीला पाठ आहे. कुठलं सामान माळ्यावर टाकायचं, म्हातारीला कधी हलवायचं, हे ती त्या आकड्यावरून ठरवते. म्हणजे आकडे आपल्याला कळत नाहीत, असं कुणी म्हणू नये.

मग करायचं काय? फार मोठं नाही. आपल्या नावाचं सिमकार्ड आपल्या हातात असू द्या, फोन साधा असला तरी चालेल. तो नंबर आधार केंद्रावर जाऊन आधारला आणि बँकेत जाऊन खात्याला जोडून घ्या. पासबुकावर महिन्याला एकदा नोंदी करून घ्या. पिन स्वतः ठरवा आणि मुलाचा वाढदिवस पिन म्हणून ठेवू नका, तो अख्ख्या गल्लीला माहीत असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्म्या फसवणुका टळतील. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे दूर जातात.

आणि मुलांना एक सांगा. आईने फोनमधलं काही विचारलं की "दे इकडे" म्हणून ओढून घेऊ नकोस, तिच्या हातातच राहू दे आणि बोटाने दाखव. आपण त्यांना पेन्सिल धरायला अशीच शिकवली होती. पहिले काही दिवस चुकेल, उलटं बटण दाबलं जाईल. भाकरी तरी पहिल्या दिवशी कुणाची गोल आली होती?

महिला मंडळांना आणि बचत गटांनाही विनंती आहे. हळदीकुंकवाला वाण लुटता, भिशी काढता, तशी महिन्यातली एक बैठक फक्त फोनसाठी ठेवा. गल्लीतल्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलींना बोलवा. त्या शिकवतील आणि आपल्याला त्यांच्याशी बोलायला विषयही मिळेल.

या आठवड्यात बँकेत गेलात की खिडकीवर एवढंच विचारा, "माझ्या खात्याला नंबर कुठला जोडलाय?" उत्तर ऐकून घरी गेल्यावर भांडायचं नाही. शांतपणे चहा ठेवायचा आणि सांगायचं, उद्या तो बदलून आणायचाय.