नोंदीबाहेरची मुळशी

मुळशी म्हटले की टाटांचे धरण, १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेला सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. पण पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे कोण होती? मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतो. मात्र सबंध जगाचा आवाका असलेल्या कोशात एकेका वाडीला जागा मिळणार कुठून? म्हणूनच या अंकाचा विषय आहे मुळशी खोऱ्याचा स्वतंत्र डिजिटल कोश. डोंगरउतार भराभर विकले जात असताना हे काम लांबणीवर टाकून चालणार नाही.

ऐकीव माहितीला कोशात थारा नको, हा आक्षेप रास्त आहे. पण दप्तरही निःपक्ष नसते. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. भूमिहीन कातकऱ्याचे नसते. म्हणून ग्रामदैवत, वहिवाट, विस्थापितांची नवी वस्ती अशा प्रत्येक नोंदीत कागद आणि तोंडी साक्ष शेजारी शेजारी ठेवावी, सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि मतभेद झाकू नयेत, असे आम्हांला वाटते. डिजिटल कोशाची हीच सोय, की नोंद दुरुस्त करायला नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. या अंकातले लेख याच अंगाने जातात. तुमच्या गावाची नोंद कशी असावी, आमचे कुठे चुकते, ते जरूर कळवा.