राब, गोठा आणि आपली भिंत

पालघरजवळच्या मासवणचे नाव निघाले, की आम्हां शहरी सुशिक्षितांना प्रथम आठवते ते दिवाणखान्यातले वारली चित्र. त्यातला नांगर, बैलजोडी, गुराखी आपल्याला ‘निसर्गाशी एकरूप’ वाटतात. तोच वारली उन्हाळ्यात शेतात राब भाजू लागला, की मात्र ‘जंगलाचा शत्रू’ ठरतो. ही विसंगती अजाणतेपणी आलेली नाही. ती आपल्या सोयीची आहे.

राब ही विचारपूर्वक केलेली रचना आहे. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर आधी शेण, त्यावर छाटलेल्या फांद्या, मग पालापाचोळा व गवत आणि वरून मातीचा पातळ थर. हा ढीग मंदपणे जळतो. तणाचे बी व किडी मरतात, राखेचे खत होते आणि रोप जोमाने वाढते. यातला पहिलाच थर शेणाचा आहे, हे ध्यानात घ्यावे. वारल्याची गाय मुख्यतः बैलासाठी आणि शेणासाठी. दूध ही दुय्यम गोष्ट. डोंगरउतारावर चरणारी गुरे वरकस जमिनीचा कस खाचरापर्यंत आणून पोचवतात.

फांद्या छाटल्याने रान उजाड होते, हा जुना आक्षेप. वस्तुतः छाटलेल्या झाडाला काही वर्षांची उसंत मिळाली तर ते पुन्हा फुटते. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि तीच गरज उरलेल्या थोड्या झाडांवर येऊन पडली; मग उसंत कुठली? ठाणे-कुलाब्यातील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. चराईचा हक्क कायद्याने मान्य व्हायला मात्र २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. तरीही आपल्या तोंडी शब्द ‘अवैध चराई’ हाच!

२०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकून नव्या जोडीला हातभार लावण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. त्या बैलाच्या वैरणीचा खर्च कोण देणार, हे गोभक्तांना कोणी विचारले काय?

झुलूंच्या वस्तीच्या मध्यभागी गुरांचा वाडा असतो, हे आम्ही प्राध्यापक मंडळी मानववंशशास्त्राच्या ग्रंथांत आदराने वाचतो. आपल्याच जिल्ह्यातील गोठा मात्र आम्हांला मागासलेपणाची खूण वाटतो.

आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस होते, पाड्यांवर वाघबारस. तिकडे गायवासराची पूजा, इकडे वाघदेवाची. गुरे राखायची तर वाघाचाही मान राखावा लागतो, हे ज्यांना उमगले त्यांना पर्यावरण शिकवायला आपण निघालो आहोत.

भिंतीवरचा बैल खुशाल ठेवावा. पण मग चराईचे सामूहिक हक्क गावोगावी प्रत्यक्ष नोंदले जावेत, ही मागणीही आपणच लावून धरली पाहिजे. एरवी उद्या बैल केवळ भिंतीवरच उरेल, आणि त्या चित्राचे कौतुक करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरणार नाही.