व्हिडिओ कुठे थांबवायचा?

वाई हे पाठशाळांचे गाव. संथा कशी देतात हे इथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. गुरुजी चरण एकदा म्हणतात, विद्यार्थी दोनदा म्हणतात, चुकला की तिथेच अडवतात. परकी भाषा शिकवणाऱ्या आपण सगळ्यांनी वर्गात व्हिडिओ लावताना ही रीत आठवावी, असे आम्हाला कळकळीने वाटते.

मध्यंतरी एका शाळेत जर्मनचा तास पाहण्याचा योग आला. खिडक्या लावून घेतल्या, प्रोजेक्टर सुरू झाला आणि पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड चालला. मुले रंगून गेली होती. तास संपल्यावर विचारले, "त्या मुलाने आपले नाव कसे सांगितले?" गोष्ट सगळ्यांना कळली होती, पण ते वाक्य एकाच्याही ओठांवर नव्हते. बाईंची तळमळ खरी होती, मेहनतही होती. फक्त व्हिडिओ एकदाही थांबला नव्हता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन शिकू पाहणाऱ्यांत गावाकडची मुलेही आली आहेत. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. तालुक्याच्या गावी बहुधा मोबाइलच असतो. पण त्या मोबाइलवर 'डॉइच वेले'ची 'निकोस वेग' ही अख्खी मालिका फुकट मिळते. निको जर्मनीत उतरतो आणि त्याची बॅग हरवते, इथून ती सुरू होते. हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवा. तो काय म्हणत असेल, हे मुलांना मराठीतच सांगू द्या. मग आवाज लावा आणि एका वाक्यावर थांबा. जर्मनमधला 'ü' कानाला 'यू'सारखा वाटतो. पडद्यावर ओठ दिसतात. ओठ 'ऊ'चे ठेवून 'ई' म्हणायला सांगा, दोन मिनिटांत जमतो. निव्वळ ध्वनिफितीत हे कधी साधले नसते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारले, कोणती परकी भाषा शिकायची? रोबोटिक्सच्या ओढीने बहुतेकांनी जपानी मागितली. पाठ्यपुस्तक नव्हते. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप यांवर सुरुवात केली. पुढे २०२० मध्ये जपानीचे जाणकार सुनील जोगदेव यांनी विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले. घरोघरी स्मार्टफोन नव्हते, म्हणून 'विषयमित्र' नेमले. ज्यांनी तास पाहिला त्यांनी इतरांना शिकवले. आमच्या मते या प्रयोगाचा खरा जीव इथे आहे. पडद्यावरचे दुसऱ्याला शिकवायचे, तर ते आधी स्वतःच्या तोंडून यावे लागते.

आणखी एका गोष्टीकडे आपले फार दुर्लक्ष होते. आपल्या हाती येणारे बहुतेक व्हिडिओ इंग्रजीतून समजावतात. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, याचे त्यांना मोठे नवल. मराठी मुलाला त्यात कसले नवल? 'मिझु ओ नोमिमास्' म्हणजे 'पाणी पितो'. आधी पाणी, मग पिणे, अगदी आपल्यासारखे. 'त्सुनामी'तला 'त्सु' इंग्रजी बोलणाऱ्याला अवघड जातो. आपल्याकडे तो 'चूल' म्हणताना रोज निघतो. जर्मन 'झेड'चा उच्चारही तोच, आपल्या 'चांगला'तल्या 'च'चा. हे व्हिडिओ सांगणार नाही. तो थांबवून, फळ्यावर 'चूल' लिहून, आपल्यालाच सांगावे लागेल.

नेटचा भरवसा नसेल तर पाठ आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. मोबाइलला छोटा स्पीकर जोडा. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचला नाही तर उच्चार शिकवणे व्यर्थ. आणि त्याच मोबाइलवर मुलांचा आवाज टिपून त्यांना लगेच ऐकवा. स्वतःचा 'ü' ऐकून मूल जितके सावध होते, तितके आपण दहा वेळा सांगून होत नाही.

पुढच्या अंकासाठी वाचक शिक्षकांना एक विनंती. आपण वर्गात लावलेला कोणताही एक व्हिडिओ घ्या. तो कितव्या सेकंदाला थांबवलात आणि त्या थांब्यात मुले काय बोलली, एवढेच पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मुले चुकीचे बोलली असतील तर तेही जसेच्या तसे लिहा.