एका गेमसाठी एक फ्लॉपी

मामीने शेवटी निर्वाणीचा इशारा दिला. माळ्यावरचा कॉम्प्युटर एक तर चालू करून दाखवा, नाहीतर या साफसफाईत तो भंगारवाल्याकडे जाणार. मामाचा १३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम, १६ एमबी रॅम, वर विंडोज ९८. मामा केविलवाण्या चेहऱ्याने माझ्याकडे बघायला लागला आणि मी (इंजिनिअर भाचा ना!) फुशारकीने बोलून गेलो, "मामा, यावर तुला अल्टिमा ७ चालवून दाखवतो."

अल्टिमा ७ हा १९९२ चा गेम. माझ्या लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये तो पाच मिनिटांत सुरू होतो. नुसतं खेळायचं असेल तर तेच वापरा, उगाच जुन्या पेटीच्या नादी लागू नका. पण माझं स्पष्ट मत आहे की निदान आमच्या धंद्यातल्या लोकांनी एकदा तरी जुन्या मशीनसाठी स्टार्टअप डिस्क स्वतःच्या हाताने बनवावी. का, ते सांगतो.

पहिला आयबीएम पीसी १९८१ मध्ये आला तो ८०८८ प्रोसेसर घेऊन. वीस अ‍ॅड्रेस लाइन्स, म्हणजे एकूण १ एमबी. त्यातले ३८४ केबी व्हिडिओ, बायोस वगैरेंसाठी राखीव, उरले ६४० केबी. हे आपण मायक्रोप्रोसेसरच्या पेपरसाठी घोकलंय आणि पेपर झाल्यावर विसरलोय. पुढे रॅम वाढली तरी डॉसमधला प्रोग्रॅम सुरू व्हायचा तो या ६४० केबीतच. आणि माउस, सीडी, डिस्क कॅश यांचे ड्रायव्हर तिथे आधीच, एसटीत रुमाल टाकून जागा धरल्यासारखे.

१९९१ च्या डॉस ५ ने यावर तोड काढली. हायमेम आणि ईएमएम३८६ लावायचे आणि ड्रायव्हर वरच्या ३८४ केबीतल्या रिकाम्या फटींत बसवायचे. झकास! पण अल्टिमा ७ चा मेमरी मॅनेजर स्वतःचा आहे. प्रोसेसर ईएमएम३८६ च्या ताब्यात असला की तो चालायलाच नकार देतो. उलट १९९० च्या विंग कमांडरला जादाची चित्रं दाखवायला ईएमएस मेमरी लागते आणि ती ईएमएम३८६ च देतो. आता बोला! एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. १९९३ च्या डॉस ६ मध्ये सुरुवातीलाच मेनू देण्याची सोय आली, पण साधा इलाज एकच: एका गेमसाठी एक फ्लॉपी. बायोस आधी ए ड्राइव्ह बघतो, त्यामुळे सेटिंग फ्लॉपीवर, गेम हार्डडिस्कवर, आणि घरच्या विंडोजला धक्का नाही.

मी आधी शहाणपणा करून विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधूनच स्टार्टअप डिस्क काढली. ती असते दुरुस्तीसाठी. तिच्यात नाना तऱ्हेचे सीडी ड्रायव्हर, वर रॅम ड्राइव्ह. गेम कसला चालतोय! मग रीतसर फॉरमॅट ए: /एस. त्यातही ड्राइव्हस्पेस.बिन नावाचा आगंतुक येतो, त्याला हाकलला. कॉन्फिग.सिसमध्ये तीनच ओळी: हायमेम, डॉस=हाय, फाइल्स=३०. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये साउंड ब्लास्टरचा पत्ता (ए२२० आय५ डी१) आणि माउस. संपलं.

पाच ओळी, आणि प्रत्येक ओळ का आहे ते मी झोपेतही सांगेन. आता ऑफिसमधली गोष्ट. आमच्या एका प्रोजेक्टची कॉन्फिग फाइल चारशे ओळींची आहे. त्यातल्या निम्म्या ओळी कुणी आणि का टाकल्या हे विचारलं तर उत्तर येतं, "राहू दे रे, काढलं आणि काही बंद पडलं तर?" मीही आजवर हेच उत्तर देत आलोय. मेमरी फुकट असल्यासारखी मिळायला लागल्यावर ओळीचा जाब विचारायची सवयच गेली. फ्लॉपीवर ओळ काढायची, रिसेट दाबायचं, बघायचं. दोन मिनिटांत निकाल.

हे सगळं मी मामाला भारावून सांगत होतो, तर तो म्हणाला, "अरे, आम्हाला काय हौस होती का? रात्रभर जागून शेवटी मेमरी कमी आहे म्हणून शिव्या घालायचो." बरोबर आहे त्याचं. कटकटच होती ती.

असो. गेम चालला! फक्त इतका सुसाट की माणसं मुंग्यांसारखी पळत होती. १९९२ च्या प्रोसेसरच्या बेताने बनवलेला तो. बायोसमध्ये जाऊन कॅश बंद केली तेव्हा कुठे सगळे चालायला लागले. मामीने दारातून बघितलं, "एवढ्यासाठी तीन रविवार?" म्हणाल्या, पण भंगारवाल्याचं नाव काढलं नाही.

आता विंग कमांडरची डिस्क करायला घेतलीय. मामाच्या डब्यातल्या दहा फ्लॉप्यांपैकी सहा "ट्रॅक झिरो बॅड" म्हणून गेल्या, काल सातवीही गेली. कुणाच्या घरी न वापरलेल्या १.४४ एमबीच्या फ्लॉप्या पडून असतील तर कळवा, येऊन घेऊन जाईन.