आरोग्यचिंतन : पोटातील नळीची मुदत

व्यापारी घरात हुंडीची मुदत कोणी विसरत नाही. पित्तनलिकेत बसविलेल्या नळीची मुदत मात्र सहज विसरली जाते.

खड्याने अथवा गाठीने पित्ताची वाट अडली की कावीळ होते. अशा वेळी दुर्बिणीद्वारे नलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवितात. प्लॅस्टिकची नळी साधारणतः तीन महिन्यांत काढावी वा बदलावी लागते; एरवी ती तुंबते, कधी जागाही सोडते. क्वचित ती बसवितानाच आडवाटेला जाते. पित्तनलिकेला लागूनच यकृताची धमनी आणि यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर असते. नळीचे टोक तेथे रुतले तर गंभीर रक्तस्राव होतो.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, बरगडीखाली उजवीकडे कळ, पुन्हा कावीळ, घेरी व थंड घाम ही त्याची लक्षणे होत. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. परंतु नळी असलेल्या रुग्णाबाबत तो तर्क घरी करू नये.

अशा वेळी नातेवाईक म्हणतात, "नळीच दोषी, ती आधी काढा!" येथेच थांबावे. रक्तवाहिनीला पडलेले छिद्र कदाचित त्याच नळीने बुजलेले असते. सुश्रुतसंहितेत 'विशल्यघ्न' मर्मे सांगितली आहेत : शल्य आत असेतो रुग्ण जगतो, उपटताच दगावतो. आजचे वैद्यकही याच विवेकाने चालते. प्रथम सलाईन व रक्त देऊन रुग्णाला सावरतात. मग सीटी अँजिओग्राफीने स्रावाचे मूळ शोधतात. धमनी फुटली असेल तर जांघेतून बारीक नळी नेऊन धातूच्या तारेच्या वेटोळ्यांनी ती बंद करतात. नलिकेच्या भिंतीतून स्राव असेल तर आच्छादित धातूचा स्टेंट आतून दाब देतो. रुतलेली नळी काढणे, आवश्यक तर शस्त्रक्रिया, हे सर्व पूर्ण सज्जतेनेच.

सातपूर तर नाशिक शहरातच आहे. घात करतो तो 'सकाळी पाहू' हा विलंब. रात्रीही दुर्बीण, अँजिओग्राफी, शल्यचिकित्सक व रक्ताची सोय कोठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे. निघताना नळीचे कागद आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्यावी. त्या गोळ्यांचा निर्णय मात्र डॉक्टरांवर सोडावा.

आणि आजच, नळी बसविल्याची व काढण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहावी. ही मुदत वाढवून मिळत नाही.